न विटलेली पोवळी

अल्जियर्स
३ मार्च १९७१

प्रिय मेझ्यान,

सलाम. बातमी आधी, ख्यालीखुशाली मागून. जिजिगाचं लग्न ठरलं. मुलगा त्लेमसेनचा, नाव नदीर, पूल बांधण्याच्या खात्यात इंजिनिअर आहे. बोलतो कमी आणि जेवतो व्यवस्थित, त्यामुळे मला पसंत पडला. लग्न ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात.

अडचण मुलाची नाही, त्याच्या आईची आहे. हाज्जा बदिया. बाई कॉफीला आल्या त्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत सोनं घालून. कप उचलला की खळ्ळ, खाली ठेवला की खळ्ळ. बोलणं निम्मं ऐकूच येईना. मग मीही इरेला पेटलो आणि कपाटातून मल्हाची तबझिम्त काढून त्यांच्यापुढे ठेवली. तुझी बहीण ती तळहाताएवढी चकती छातीवर टोचून निघाली की गल्लीतल्या बायका वळून बघायच्या, हे तुला सांगायला नको. विहीणबाईंनी ती उचलली, हातावर तोलली आणि म्हणाल्या, "छान आहे हो. डोंगरातलं काम ना? आमच्याकडे असलं भिंतीवर लावतात."

माझं तोंड सहसा बंद पडत नाही. त्या दिवशी पडलं.

तेव्हा मी ठरवलंय. मल्हाची चांदी द्यायची आणि तिचं सोनं घ्यायचं. पोरीने सासरी मान खाली घालून राहायला नको. मल्हाला जाऊन दोन वर्षं झाली, कपाटात कुणासाठी ठेवू? जिजिगाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल ते करा, बाबा." म्हणजे खूश आहे.

शेजारणीने सांगितलं म्हणून ती लिंबाच्या रसात मीठ घालून सकाळपासून दुपारपर्यंत बुडवून ठेवली. चांदी झकास उजळली. पण नऊ पोवळ्यांपैकी चार विटली, खडूसारखी पांढुरकी पडली. कडेची पाच मात्र जशीच्या तशी लाल, चकचकीत. बघ, अस्सल माल आणि हलका माल असा ओळखू येतो! तुमच्या त्या थोर अक्ली उस्तादाने चार हलकी पोवळी तुझ्या वडिलांच्या गळ्यात मारली म्हणायची.

बसच्या ड्रायव्हरबरोबर ती तुझ्याकडे पाठवतो आहे. चार विटलेली पोवळी नीट कर आणि लवकर परत पाठव. सोनाराशी बोलणं चालू केलंय.

मला हे सोपं जातंय असं समजू नकोस. फ्रेंचांच्या तुरुंगातल्या माझ्या चार वर्षांत बराकीतल्या एकेकाच्या बायकोने अंगावरचं किडूकमिडूक विकलं. मी मल्हाला कळवलं होतं, कोरडी भाकरी खा, पण डागाला हात लावू नकोस. तिने पोवळ्याचा कणही विकला नाही. हे मी आजही मान वर करून सांगतो.

तुझा दाजी,
लूनिस

*

आथ यन्नी
१४ मार्च १९७१

दाजी, सलाम.

जिजिगाला आशीर्वाद. मुलगा कमी बोलतो हे ऐकून बरं वाटलं. घरात एक तरी कमी बोलणारा हवा.

आता लिंबाचं. तुम्हाला दागिना साफ करायचा होता की लोणचं घालायचं होतं? चांदीला लिंबू सोसतं, मीन्यालाही थोडा वेळ सोसतं, पण पोवळं समुद्रातून येतं, शिंपल्याच्या जातीचं असतं. आंबट लागलं की त्याची कातडी जाते. ती चार पोवळी हलकी नाहीत. मधलं मोठं तर मी आजवर पाहिलेल्या पोवळ्यांत पहिल्या पाचांत येईल. ओल्या चामड्यावर बारीक राख घेऊन रोज थोडं थोडं घासतो आहे. रंग परत येतो आहे. बाकीच्या पाचांचं मी बघतो. अक्ली उस्तादाला मात्र नावं ठेवू नका.

वडिलांनी ती बनवायला टाकली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. रोज बैल पाण्यावर नेताना उस्तादाच्या दारावरून जायचो आणि रोज बैल तहानलेले उभे राहायचे. चांदीकामाच्या घरात जन्मलेल्यांनाच आत बसू देत. आमच्यासारख्या अंजिरवाल्यांनी दारातून बघायचं. मला जे येतं ते मी त्या दारातून आणि मग मोडक्या दागिन्यांची एकेक तार सोडवून शिकलो. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणाचं चुकलेलंही शिकलो नाही.

म्हणून सांगतो, दागिना आधी मागून बघावा. समोरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते. ही तबझिम्त उलटी करा. मागे अंगाला लागणारी बाजू, जी मल्हाशिवाय कुणी पाहणार नव्हतं, तिथेही उस्तादाने पुढच्याइतकाच मीना भरलाय. निळा असा की खालची चांदी त्यातून दिसते, विहिरीच्या तळासारखी. हिरवाही तसाच पारदर्शक. पिवळा मात्र आंधळा असतो, त्यातून काही दिसत नाही, म्हणून उस्ताद तो ठिपक्यापुरताच वापरायचा. तारा पिळून, वाकवून, डाख देऊन जी घरं केली आहेत ती भिंगातून मोजली मी. एकशे बारा. एकाही घराचा मीना शेजारच्या घरात सांडलेला नाही. जैतुनाच्या कोळशावर, नुसत्या डोळ्याने आच ओळखून! आज मला तराजू आहे, भिंग आहे, शहरातून आलेला मीना आहे, तरी शंभरात चारपाच घरं माझी बिघडतात.

ती सोनाराकडे गेली की तो पोवळी उचकटणार, मीना ठोकून पाडणार आणि उरलेलं मुशीत टाकणार. त्याला फक्त चांदीचं वजन हवं. ते एकशे बारा कप्पे वजनात येत नाहीत.

बांगड्या द्या, पैंजण द्या, मी अडवत नाही. ते काम साधं आहे. तबझिम्त देऊ नका.

आणि सोनं घेणारच असाल तर एवढं बघा. बांगडी वाजवून घ्या, पोकळ असली की आवाज बसका येतो. फासा दहा वेळा उघडून मिटा. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं की समजा फासा कच्चा आहे. आणि रंग बघू नका, रंग कुणीही चढवतो. जोड बघा.

तुमचा,
मेझ्यान

*

अल्जियर्स
२ एप्रिल १९७१

प्रिय मेझ्यान,

तुझं पत्र जिजिगाला वाचून दाखवलं. लोणच्यापाशी हसली, विहिरीपाशी उठून आत गेली. तिला असल्या कारागिरीच्या गप्पा कंटाळवाण्या वाटत असणार. दिवसभर औषधांच्या दुकानात चूर्णं तोलत असते, तिला एकशे बारा घरांचं काय कौतुक?

तू मला उपदेश कर, तुझा हक्क आहे, मेहुणा आहेस. पण माझंही ऐक. तू डोंगरात राहतोस. तिथे तबझिम्त बघितली की बायका म्हणतात, "हे अक्लीचं." इथे कुणी अक्लीला ओळखत नाही. इथे विहीणबाई तोलून बघतात.

आणि तीन आठवडे झाले. चार पोवळी घासायला तीन आठवडे? तेवढ्यात मी जेटीवरची अख्खी बोट रिकामी करून घ्यायचो. लोक विचारतात, मेहुण्याने ठेवून तर घेतली नाही ना! मी हसतो. पण तू लोकांना बोलायला जागा ठेवू नकोस. मे महिन्यात पाठव.

लूनिस

*

आथ यन्नी
२० मे १९७१

दाजी, सलाम.

तबझिम्त परत पाठवतो आहे. ड्रायव्हरला म्हटलं, मांडीवर ठेव. तो म्हणाला, "मांडीवर स्टिअरिंग असतं, मामा." शेवटी त्याच्या आईच्या मांडीवर दिली.

मधलं पोवळं आता उगवत्या सूर्यासारखं दिसतं. विटलेल्या बाकीच्या तिघांचाही रंग आला आहे. चांदीचा सगळा काळेपणा मी काढलेला नाही, हा आळस नव्हे. तारांच्या खाचांत तो ठेवावाच लागतो. तो काढला की नक्षी सपाट दिसते, दाढी केलेल्या म्हाताऱ्यासारखी.

पुन्हा मळली तर कोमट पाणी आणि जैतुनाचा साबण, बस. मऊ ब्रश. लगेच पुसा, कारण पोवळी मेणात बसवलेली असतात आणि पाणी आत मुरलं की मेण सुटतं. चांदी काळवंडली तर खडूची पूड ओली करून बोटाला लावा आणि फक्त चांदीवर फिरवा, मीन्यावर नाही. अत्तर लावायचं ते दागिना घालण्याआधी. आग दाखवायची नाही, कुठल्याही कारणाने.

एक विनंती. सोनाराला दाखवणारच असाल तर वजन करू द्या, चांदीला कस लावू द्या. पोवळ्यांना हात लावू देऊ नका. कारण विचारू नका. मल्हाच्या भावाने मागितलं म्हणून एवढं करा.

आणि जिजिगा आत उठून गेली म्हणता, तर तिच्या मागे जाऊन एकदा बघा.

तुमचा,
मेझ्यान

*

अल्जियर्स
११ जून १९७१

मेझ्यान,

सलाम लिहीत नाही.

काल सोनाराकडे गेलो. तुझ्या विनंतीचं त्याला सांगितलं, तर माणूस हसला. म्हणाला, "पोवळ्यांना हात लावू नका असं कोण म्हणालं? ज्याने दुरुस्तीला म्हणून ठेवून घेतली होती तोच ना?" त्याने सुई तापवली आणि कडेच्या सगळ्यात वरच्या पोवळ्यावर टेकवली. फुस्स करून ते पेटलं. माझ्या डोळ्यांदेखत, मेझ्यान, दगड पेटला! दुकानभर कापराचा वास. मग त्याने बाकीच्यांना लांबूनच ऊब दिली आणि नाक लावलं. पाच. पाच पोवळी खोटी, सेल्युलॉइडची. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती छताकडे बघायला लागली.

अडीच महिने ती तुझ्याकडे होती. कारण विचारू नका म्हणालास. आता कळलं कारण. विहीर काय, सूर्य काय, एकशे बारा घरं काय! मला घरं मोजायला लावलीस आणि स्वतः पोवळी मोजून घेतलीस.

चार वर्षं मी गजांआड होतो. ती एकटी होती, पदरात लहान मूल होतं. तिने एक पोवळं विकलं नाही. आणि सख्ख्या भावाने ती मेल्यावर पाच काढून घेतली.

वराची माणसं विचारतील मुलीचा मामा कुठे आहे. मी काय सांगायचं ते बघीन. तू लग्नाला येऊ नकोस.

लूनिस

*

अल्जियर्स
१ जुलै १९७१

प्रिय मामा,

जिजिगाचा सलाम. हे पत्र बाबांना न सांगता दुकानातून लिहिते आहे. समोर खोकल्याच्या औषधाची बाटली आहे आणि एक म्हातारा दर दोन मिनिटांनी "झालं का गं पोरी?" म्हणून विचारतोय.

तुम्ही तीन आठवडे बाबांना उत्तर दिलं नाही. ते त्याला कबुली समजतात. जेवताना मध्येच म्हणतात, "एक अक्षर नाही! निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?" आणि भाकरी तशीच ठेवून उठतात.

मला जे कळलं ते सांगते. लिंबात तबझिम्त घातली त्या दिवशी मी घरीच होते. बाबांनी तुम्हाला लिहिलंच आहे, चार पोवळी विटली, पाच नाहीत. आम्लाने पोवळं विटणारच, हे माझ्या कामातलं आहे. मग जी विटली ती खरी. जी पाच चकचकीत राहिली ती तेव्हाच खोटी होती, तुमच्याकडे यायच्या आधी. हे मी बाबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मामाची बाजू घेतेस, घे. पण तुझ्या आईने विकली म्हणू नकोस. तिने मला वचन दिलं होतं."

तुम्ही चोर नाही आहात. तुम्हाला काहीतरी माहीत आहे आणि तुम्ही ते सांगत नाही. सांगू नका, माझी हरकत नाही. पण येत्या पंधरा तारखेला सोनार तबझिम्त नेणार आहे. खोटी पोवळी फेकून देईन आणि बाकीची मोडीत घेईन, असं म्हणालाय.

मला सोनं नको होतं, मामा. पहिल्या दिवशीच नको होतं. विहीणबाई गेल्यावर बाबा इतके लहान होऊन बसले होते की "तुम्हाला बरं वाटेल ते करा" याच्यापलीकडे माझ्या तोंडून काही निघेना. ते त्याला माझी खुशी समजले. तुमचं पत्र वाचलं तेव्हा आत जाऊन मी तबझिम्तची रिकामी पेटी उघडून बघत बसले होते. त्यालाही ते कंटाळा समजले.

म्हातारा आता काउंटरवर काठी आपटतोय. थांबते.

तुमची,
जिजिगा

*

आथ यन्नी
६ जुलै १९७१

दाजी,

तुम्ही चोर म्हणालात ते मी खिशात घालून बसलो होतो. मल्हाला दिलेला शब्द मोडण्यापेक्षा ते परवडलं. पण सोनार ती पोवळी फेकणार असं कळलं. ते मला परवडत नाही. मल्हाशी काय ते मी नंतर बघून घेईन.

चष्मा लावा आणि तबझिम्त उजेडात धरा. कडेचं सगळ्यात वरचं पोवळं पेटलं म्हणालात, त्याचं घर रिकामं झालं असेल. आत मेणाची काजळी असेल, ती काडीने खरवडा. तळाशी चांदीवर सुईने कोरलेलं दिसेल: ११-५७. अक्षर माझं आहे. मी केलेल्या प्रत्येक दुरुस्तीत महिना आणि साल कोरतो, कुणाला दिसणार नाही अशा जागी. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. पुढे जो कुणी ते उघडेल त्याला कळावं, की इथे आधी एक माणूस येऊन गेला.

नोव्हेंबर सत्तावन्न. तुम्हाला पकडून नेलं त्याला दोन महिने झाले होते. मल्हा माझ्याकडे आली, तबझिम्त फडक्यात बांधलेली. म्हणाली, "कडेचं एक काढ. त्या जागी काहीतरी लाल बसव. लांबून कळता कामा नये, आणि त्याला तर जवळूनही कळता कामा नये." मी म्हटलं, "ताई, दाजींनी निरोप पाठवलाय ना, डागाला हात लावू नको म्हणून?" तिने काय उत्तर दिलं ते लिहितो. म्हणाली, "त्याला तिथे मान वर करून चालायला काहीतरी हवंय. ते मी त्याच्याकडून काढून घेणार नाही. आणि पोरीला जेवायलाही हवंय. तू हात चालव, तोंड नको."

माझ्या बायकोचा लाल कंगवा होता, त्याच्या पाठीचा तुकडा कापला. कानशीने गोल केला, राखेने घासला, मेणात बसवला. माझ्या हातचं ते पहिलं चांगलं काम. सांगायला लाज वाटत नाही, तुमच्या सोनाराला ओळखण्यासाठी सुई तापवावी लागली. खऱ्या पोवळ्याच्या बदल्यात तुम्हाला तुरुंगात थंडीत पांघरायला तो काळा लोकरी बर्नूस गेला.

बाकीची चार घरं उघडू नका. आत काय आहे ते मी न उघडता सांगतो. २-५८, जिजिगाचा विषमज्वर. दहा दिवसांत पोर काडी झाली होती, औषध शहरातून आणावं लागलं. ९-५८, तुमचा वकील. तो एकदाच भेटला असेल तुम्हाला, पण भेटला. १-५९, जिजिगाची शाळा. तुमचे थोरले बंधू म्हणाले होते, बाप तुरुंगात आणि मुलगी कशाला शिकवायची. मल्हाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. आज ती मुलगी औषधं तोलते ती त्या पोवळ्यावर.

पाचवं ४-६०. त्याचं कारण तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या वेळी मी म्हटलं होतं, "आता तीन उरतील, मधलं सोडून." तर म्हणाली, "मधलं मोडायची वेळ येणार नाही, तोवर तो सुटेल." पुढच्या वर्षी तुम्ही सुटलात.

मी दागिन्यांत आयुष्य घालवलं. अक्ली उस्तादाच्या हाताला मी मानतो. पण त्या दागिन्याचा खरा हिशेब जिला कळला होता ती माझी बहीण होती. काय कधी काढायचं आणि काय शेवटपर्यंत ठेवायचं, हे तिच्याइतकं मला कधी जमलं नाही.

शब्द मी मोडला. तुम्ही तबझिम्त मोडू नका.

मेझ्यान

*

अल्जियर्स
१४ जुलै १९७१

मेझ्यान,

सलाम. मागच्या वेळी लिहिला नव्हता, तोही यात धर.

काडीने खरवडलं. दिसलं. जिजिगाने भिंग आणलं तेव्हा पुन्हा बघितलं, मग पुन्हा.

तो काळा बर्नूस मी दुसऱ्याच हिवाळ्यात तंबाखूवर देऊन टाकला होता. एकोणीस सिगारेटी. मला वाटलं, तुझ्या वडिलांचा जुना असेल. हे तुला सांगायला नको होतं, पण कुणाला तरी सांगायला हवंच होतं.

एप्रिल साठचं कारण मला माहीत आहे. एप्रिल साठमध्ये ती मला भेटायला आली होती. एकदाच. तीन दिवसांचा प्रवास करून, दोन बसगाड्या आणि एक आगगाडी, आणि भेट दहा मिनिटांची, मध्ये तारेचं कुंपण. छातीवर तबझिम्त होती. प्रवासात असली वस्तू कुणी लावतं का? मी सगळ्या बराकीला ओरडून सांगितलं, "बघा! बघा माझ्या बायकोकडे! एक पोवळं हललेलं नाही!" ती कुंपणापलीकडे ताठ उभी होती आणि हसत होती. इतक्या लांब यायला पैसे कुठून आणले, हे मी तिला विचारलं नाही. मला वाटलं शेळी विकली असेल. आमच्याकडे शेळी नव्हतीच, मेझ्यान.

सोनाराला नाही म्हणून कळवलं. रागावला. सुई तापवायची एवढी मेहनत घेतलेला दागिना हातचा गेला.

विहीणबाईंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, "आमची पोर चांदी घालून येईल, त्यातली पाच पोवळी कंगव्याची आहेत, पटत असेल तर बघा." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "लूनिसभाऊ, सुनेला सोनं सासरच्यांनी घालायचं असतं. ते आमचं काम. तुमच्याकडून मी मागितलं केव्हा?" मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना, भिंतीवर लावतात?" तर म्हणतात, "हो मग! माझ्या आजीचा मोत्यांचा हार लावलाय दिवाणखान्यात, काचेत. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू लावतात तिथे. तुम्ही एकदम गप्प झालात, मला वाटलं पोट दुखतंय."

तुझ्याकडे मी काय मागायचं ते मला नीट कळत नाही. चोर म्हणालो ते परत घेतो, पण पत्र तुझ्याकडे आहे, ते जाळून टाक. आणि पाच खरी पोवळी मी आणतो, ती बसव. जिजिगाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "चार आईची आहेत. त्यांना हात लावाल तर मी लग्नाला उभी राहणार नाही." एवढं स्पष्ट ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली. तेव्हा एकच आणतो. जे माझ्यासमोर जळलं ते मी भरून देतो.

पोवळं कसं निवडायचं ते लिही. आणि मामा नसेल तर लग्न नाही, हे मी वराकडच्यांना सांगून टाकलंय.

लूनिस

*

आथ यन्नी
१० ऑगस्ट १९७१

प्रिय जिजिगा,

हे पत्र आजच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे, तुझे बाबा उद्याच्या बसने निघतील. तबझिम्त त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात असेल. पिनेचं टोक कागदाने गुंडाळलंय, तरी त्यांना बसताना जपायला सांग.

पोवळं त्यांनी स्वतः निवडलं. मी पत्रात लिहिलं होतं, दाताला लावून बघा, खरं पोवळं गार लागतं. एकसारखा लाल रंग दिसला तर घेऊ नका, जवळून पाहिलं की झाडाच्या सालीसारख्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. तर ते अन्नाबा बंदरातल्या पोवळेवाल्याकडे गेले आणि तिथली सगळी पोवळी एकेक करून चावली. पोवळेवाला शेवटी म्हणाला, "आजोबा, जेवून यायचं होतं." पण आणलं ते चांगलं आहे. रंग बाकीच्यांपेक्षा थोडा गडद आहे. मी जुळवून दुसरं देऊ शकलो असतो. ते म्हणाले, "राहू दे. वेगळं दिसू दे."

माझ्या शेजारी बसून त्यांनी सगळं काम पाहिलं. त्या घराच्या तळाशी जुन्या आकड्याखाली मी नवा कोरला, ८-७१. मेण ओतायच्या आधी त्यांनी ते दोन्ही आकडे बराच वेळ पाहिले, मग मान हलवली आणि मी ओतलं. बाकीची चार घरं उघडायला त्यांनी सांगितलं नाही. चोर लिहिलेलं पत्र मी त्यांच्यासमोर चुलीत टाकलं. ते म्हणाले, "लिंबाचं पत्र पण टाक." ते मात्र मी ठेवलं आहे. पुढच्या वेळी भांडायला लागेल.

आता नीट वाच, कारण हे तुझ्या आईला मी सांगायला हवं होतं आणि मला तेव्हा माहीत नव्हतं. साबण, खडू, अत्तर यांचं तुला माहीत आहे. चार लाल तुकड्यांचं वेगळं आहे. आग तर त्यांना दाखवायची नाहीच, पण त्याहून वाईट म्हणजे पेटी. घट्ट डबीत, मखमलीत, कपाटात बंद करून ठेवलं की सेल्युलॉइडमधून वाफ सुटते. आधी भोवतीची चांदी हिरवी पडते, मग तो तुकडा चिकट होतो, तडकतो, आणि शेवटी त्याचा चुरा होतो. खरं पोवळं पेटीत शंभर वर्षं राहील. हे नाही राहणार. गेली दोन वर्षं ती कपाटात होती, त्याची सुरुवात मला एका घराच्या कडेला दिसली. ती मी साफ केली आहे.

म्हणजे ती जपून ठेवायची नाही. भिंतीवर काचेतही नाही, सासूबाईंना नम्रपणे सांग. तिला हवा लागली पाहिजे. लग्नात लाव, पण तिथे थांबू नकोस. दुकानात जाताना लाव, भाजी आणायला जाताना लाव. कुणी म्हणालं, रोज काय हे नटणं, तर सांग की मामाची सक्त ताकीद आहे, आणि मामा फार किरकिरा माणूस आहे.

उद्या संध्याकाळी बाबा दारात आले की त्यांना आधी कोट काढू देऊ नकोस. खिशातून ती काढ, आणि तिथेच लाव.

तुझा मामा,
मेझ्यान